वहीवरचा शेरा नेमका कुणासाठी?

(परळी वैजनाथ येथे शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आत येताना एका ओळखीच्या गुरुजींनी दारातच अडवलं. म्हणाले, "सर, वह्या तपासणं हा काय व्याख्यानाचा विषय आहे का? दिवसभर तेच करून आलोय." मी म्हटलं, म्हणूनच बोलायचंय. जे काम आपण सगळ्यात जास्त करतो, त्याच्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. शिकवायचं कसं यावर प्रशिक्षणं होतात. मुलानं लिहून आणलेल्या पानाचं पुढं काय करायचं, हे मला तरी नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. लाल पेन खिशात होता, तेवढं पुरेसं वाटलं.

तर सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

वाडीवरची शाळा. पाचवीचा वर्ग. वर्गात एक मुलगी होती, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. दरवर्षी दसरा झाला की आईबापाबरोबर जायची आणि उन्हं तापली की परत यायची. त्या वर्षी मात्र ती आजीजवळ राहिली, त्यामुळे दिवाळीनंतरही वर्गात होती. मी निबंध दिला, 'माझी आई'. तिनं लिहिलं: माझी आई पहाटं तीनला उठती. चुलीवर भाकरी थापती. मग बापासंगं फडात जाती. बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधती. रात्री फोन करती आणि म्हणती, जेवली का. एवढंच. सात-आठ ओळी.

मी काय केलं? 'उठती'ला गोल. 'थापती'ला गोल. 'जाती', 'बांधती', 'म्हणती', सगळ्यांना गोल. 'बापासंगं'खाली रेघ. पान लाल झालं. खाली लिहिलं, "शुद्धलेखनाकडे लक्ष दे. अक्षर सुधार." दहापैकी चार. मिनिटभरही लागलं नसेल.

पुढच्या महिन्यात दुसरा निबंध, 'माझा आवडता सण'. तिनं लिहिलं: दिवाळी हा दिव्यांचा सण आहे. आई फराळ करते. आम्ही नवीन कपडे घालतो. सर्वजण आनंदी होतात. एकही चूक नाही. गाईडमधून उतरवलेलं, सरळ दिसत होतं. मी दहापैकी नऊ दिले आणि 'छान प्रगती' असं लिहून पुढची वही घेतली.

मंडळी, त्या दिवाळीला तिची आई कारखान्यावर होती. फराळ कुणी केला? कपडे कुणी आणले? हे माझ्या तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही. वर्ष संपताना वह्यांचा गठ्ठा आवरत होतो, तेव्हा ही दोन पानं पाठोपाठ समोर आली आणि मी खाली बसलो. पोरीनं माझ्या शेऱ्यातून बरोब्बर धडा घेतला होता. खरं लिहिलं तर चार, खोटं लिहिलं तर नऊ. माझा शेरा वाया गेला नव्हता. तो फार परिणामकारक ठरला होता, पण उलट्या दिशेनं.

'शेरा' हा शब्द बघा. हा कचेरीतला शब्द आहे. अर्ज येतो, साहेब त्यावर शेरा मारतात. मराठीत शेरा 'मारतात', हे पण लक्षात घ्या. कचेरीतला शेरा अर्जदारासाठी नसतो, तो पुढच्या टेबलासाठी असतो. आणि शाळेत तो शब्द आला तसा त्याचा स्वभावही बरोबर आला. 'तपासले', 'पाहिले', तारीख, सही. हे मूल वाचतं का? हे वाचतात शाळा तपासायला आलेले साहेब. मी साहेबांना नावं ठेवत नाही, त्यांनाही काहीतरी पुरावा लागतो. पण एका पानाचे तीन वाचक असतात: साहेब, पालक आणि ते मूल. आपण लिहितो पहिल्यासाठी, अधूनमधून दुसऱ्यासाठी ('पालकांनी लक्ष द्यावे'), आणि समजतो की तिसऱ्याला कळलं.

आता शिक्षक मनात म्हणत असतील, बोलायला काय जातंय, वेळ कुठाय? तर हिशोब करू. चाळीस मुलांचा वर्ग. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, म्हणजे चार वह्या. झाल्या १६० वह्या. एका वहीला एकच मिनिट दिलं तरी २ तास ४० मिनिटं. रोज! त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं. म्हणजे 'सगळ्या वह्या, रोज, नीट' हे तिन्ही एकत्र होऊच शकत नाही. मग माणूस काय सोडतो? 'नीट' सोडतो. सह्या करतो. यात आळस नाही, हे साधं अंकगणित आहे. म्हणून आज मी तुम्हाला जास्त तपासा असं सांगणार नाही. कमी तपासा, पण मुलाला उपयोग होईल असं तपासा, एवढंच म्हणणं आहे.

सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापनाची गोष्ट आहे. त्यावरून महाराष्ट्रानं २० ऑगस्ट २०१० ला शासन निर्णय काढला. आकारिक आणि संकलित मूल्यमापन हे शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी आले. पालकांसाठी सांगतो. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा. आकारिक म्हणजे शिकता शिकता, मूल घडत असताना घेतलेला अंदाज: रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय वगैरे. पहिली-दुसरीला आकारिकचं वजन ७० आणि परीक्षेचं ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मं निम्मं. सातवी-आठवीला ४० आणि ६०. शिवाय अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी, आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद. विशेष प्रगती काय, आवड-छंद काय, सुधारणा कुठं हवी.

कागदावर ही फार चांगली गोष्ट होती, असं माझं आजही मत आहे. पण पुन्हा हिशोब करा. चाळीस मुलं, आठ विषय, एका सत्राच्या ३२० नोंदी. मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. नोंदींच्या तयार वाक्यांची पुस्तकं निघाली, मोबाईलवर याद्या फिरायला लागल्या. 'कविता तालासुरात म्हणतो.' 'आपले विचार स्पष्टपणे मांडतो.' 'गणितातील क्रिया अचूक करतो.' एका शाळेत मी एकदा चार मुलांच्या पत्रकात ओळीनं 'कविता तालासुरात म्हणतो' वाचलं. त्यातला एक पोरगा वर्षभर वर्गात तोंडच उघडत नव्हता. नोंद सुंदर होती, ती फक्त त्याची नव्हती. मुलाला बघून लिहायची गोष्ट आपण मुलाला न बघता लिहायला शिकलो.

आणि ही फक्त आपल्याकडची रडकथा नाही. इंग्लंडमध्येही शाळांनी मोठ्या हौसेनं सखोल तपासणी सुरू केली. शिक्षकानं लिहायचं, मुलानं त्याला लेखी उत्तर द्यायचं, शिक्षकानं पुन्हा तपासायचं. शिक्षक इतके पिचले की कामाचा बोजा तपासायला तिथल्या सरकारला गट नेमावा लागला. त्या गटानं २०१६ साली सांगितलं की तपासणी अर्थपूर्ण असावी, झेपणारी असावी आणि मुलाला हुरूप देणारी असावी. किती रंगांच्या पेनांनी लिहिलं, याला काही महत्त्व नाही.

आता मुलाच्या बाजूनं बघू. शेऱ्यानं खरंच काही फरक पडतो का?

इस्रायलमध्ये रूथ बटलर नावाच्या संशोधिकेनं पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला, तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. मुलांना काम दिलं. तपासून परत देताना काहींना फक्त गुण दिले. काहींना फक्त अभिप्राय लिहून दिला, की हे जमलंय, इथं असं करून बघ. काहींना दोन्ही, गुण आणि अभिप्राय. मग पुन्हा काम दिलं. सुधारणा कुणात दिसली? फक्त अभिप्राय मिळालेल्यांत. गुण मिळालेल्यांत नाही. आणि दोन्ही मिळालेल्यांतही नाही! आपल्याला वाटतं, दोन्ही दिलं म्हणजे डबल फायदा. पण तुमच्या घरी काय होतं ते आठवा. पेपर हातात आला की पोरगं आधी आकडा बघतं, मग शेजाऱ्याचा आकडा बघतं, आणि पेपर दप्तरात जातो. खाली काय लिहिलंय ते वाचायची गरजच उरत नाही. आकडा हा निकाल असतो, आणि निकाल लागला की खटला संपला.

दुसरी गोष्ट याहून धक्का देणारी आहे. १९९६ साली क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र करून बघितले, एकूण ६०७ निष्कर्ष. सरासरीनं अभिप्रायाचा फायदा दिसला. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यानंतर काम आणखी बिघडलं होतं. म्हणजे 'काहीच न लिहिण्यापेक्षा काहीतरी लिहिलेलं बरं' हे आपलं समाधान खोटं आहे. अभिप्राय कामावरून माणसावर घसरला, 'तू असाच', 'तुला जमतच नाही' किंवा अगदी 'तू फार हुशार' असा झाला, की लक्ष कामावरून उडून स्वतःवर जातं.

मग चांगला शेरा कसा ओळखायचा? माझी एक कसोटी आहे. शेरा वाचून झाल्यावर मुलाला उद्या सकाळी काय करायचं ते कळतं का? 'प्रयत्न कर' वाचून काय करणार? ते आधीच करत होतं. 'लक्ष दे' वाचून कुठं देणार?

एक उदाहरण गणिताचं घेतो, म्हणजे नुसतं बोलणं होणार नाही. तिसरीतल्या मुलानं चार वजाबाक्या केल्या.

५२ − २७ = ३५
८३ − ४६ = ४३
७१ − २८ = ५७
६४ − २१ = ४३

तपासा बरं. पहिली चूक, दुसरी चूक, तिसरी चूक, चौथी बरोबर. चारपैकी एक. शेरा: 'वजाबाकीचा सराव कर.' आता जरा थांबून बघा. दोनातून सात जात नाहीत, तर पोरानं सातातून दोन वजा केले. तीनातून सहा जात नाहीत, तर सहातून तीन. एकातून आठ जात नाहीत, तर आठातून एक. म्हणजे लहान अंक मोठ्यातून वजा करायचा, हा त्याचा नियम आहे. तो चारही गणितांत त्यानं इमानानं पाळलाय. चौथ्या गणितात नियम योगायोगानं बरोबर ठरला, एवढंच. तो निष्काळजी नाही. उलट फार शिस्तीचा आहे, चुकीच्या नियमाशी. त्याला 'सराव कर' सांगितलं तर तो काय करेल? त्याच नियमानं आणखी वीस गणितं करेल आणि चूक पक्की करून आणेल.

अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ साली नेमकं हेच मांडलं. मुलांच्या वजाबाकीतल्या कितीतरी चुका वेंधळेपणाच्या नसतात, त्यामागं ठरलेली रीत असते. पण त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. उद्या तुमच्या वर्गातल्या वह्या उघडा, हा नियम पाळणारी पोरं सापडतील.

मग लिहायचं काय? मी पुढं पुढं असं लिहायला लागलो: "तुझ्या उत्तरात २७ मिळव. ५२ येतात का बघ." बस. तो ३५ आणि २७ मिळवतो, येतात ६२. त्याचं त्यालाच कळतं की कुठंतरी गडबड आहे. आता तो तुमच्याकडे येईल तेव्हा त्याच्याकडे प्रश्न असेल. मग काड्यांचे गठ्ठे घ्या, एक दशक सुटा करून दाखवा. तोपर्यंत दशक सुटा करायचा धडा दहा वेळा झालेला असतो हो, पण त्याला त्याची गरजच वाटलेली नसते.

दुसरी चूक खास आपल्या भाषेतली आहे. 'त्रेपन्न' लिहायला सांगितलं की लहान मूल ३५ लिहितं. आपण फुली मारतो. पण मूल कानानं लिहितंय. कानावर आधी काय पडलं? 'त्रे', म्हणजे तीन. मग 'पन्न', म्हणजे पन्नास. त्यानं ऐकलं त्या क्रमानं लिहिलं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्रेपन्नच्या जोडीला 'पन्नास तीन' अशी रीत दिली, तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल. विनोद झाले, विषय विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांनी कारण समजावून सांगितलं होतं. ती रीत तुम्हाला पटो न पटो, त्यामागचं निरीक्षण मुलांच्या चुकांमधून आलेलं होतं. कुणीतरी फुली मारायच्या आधी थांबून चूक वाचली होती. आपल्यालाही तेवढंच करायचंय. ३५ लिहिणाऱ्याला म्हणा, "पन्नास कुठंय यात, मला दाखव."

आता परत माझ्या त्या मुलीकडे येतो, 'उठती' आणि 'जाती'कडे. मी लिहिलं होतं, शुद्धलेखनाकडे लक्ष दे. पण त्यात शुद्धलेखनाचा प्रश्न होता कुठं? शुद्धलेखन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं. तिनं जो उच्चार केला तो तंतोतंत कागदावर उतरवला होता. त्या अर्थानं तिचं लेखन उत्तम होतं. फरक होता बोलीचा. आपल्याकडं माणूस 'जातोय' म्हणत नाही, 'जायलो' म्हणतो. 'काय करायलास' म्हणतो. ही काही मोडकी मराठी नाही. इथून पंचवीसेक किलोमीटरवर, अंबाजोगाईला, मराठीचे आद्यकवी म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या मुकुंदराजांची समाधी आहे. त्या मुलखातल्या पोरांना आपण लाल पेनानं सांगतो की तुमची आई बोलते ती अशुद्ध भाषा.

आणि जे नियम आपण दगडावरची रेघ समजतो, ते तरी कुठं तसे आहेत? तुमच्या आजोबांची जुनी पत्रं काढा. 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असं लिहिलेलं दिसेल. त्यांच्या काळात ते बरोबर होतं. १९६२ साली साहित्य महामंडळाचे नवे लेखननियम आले, अनुच्चारित अनुस्वार गेले. १९७२ साली त्यात आणखी चार नियमांची भर पडली. आजोबा आज पाचवीत असते तर त्यांच्याही वहीचं पान लाल झालं असतं.

म्हणून प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का? शिकवायची. हट्टानं शिकवायची, कारण पुढं स्पर्धा परीक्षेचा पेपर, अर्ज, नोकरी सगळं त्याच भाषेत आहे, आणि आपल्या भागातली पोरं तिथं मागं पडली तर त्याचं पाप आपल्यावर. पण क्रम बदलायचा. आधी मजकुराला उत्तर द्यायचं, कारण तिनं मला काहीतरी सांगितलं होतं. आज ती वही हातात आली तर मी लिहीन: "आई फोनवर रोज विचारते ते वाचलं. आई मोळी कशी बांधते ते मला माहीत नाही, आणखी तीन ओळी लिहून सांग. तू घरी 'उठती' म्हणतेस, पुस्तकात 'उठते' लिहितात. नव्या तीन ओळी पुस्तकासारख्या लिहून बघ." चार वाक्यं. सगळ्या वह्यांना जमणार नाही, मान्य. पण त्या दिवशी त्या एका वहीला जमलं असतं.

ज्यांना उद्यापासून करून बघायचंय त्यांच्यासाठी वेळेचं सांगतो. मी नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत असं करायचो. वह्या गोळा केल्या की लिहायच्या आधी नुसत्या चाळायच्या आणि तीन गठ्ठे करायचे: जमलेल्यांचा, अर्धवट जमलेल्यांचा, आणि मुळातच न कळलेल्यांचा. पंधरा मिनिटांत होतं. तिसऱ्या गठ्ठ्यावर काहीच लिहायचं नाही, कारण तिथं चूक मुलांची नाही, धडा परत घ्यायचाय, ते माझं काम. पहिल्या गठ्ठ्याला पुढचं एखादं अवघड काम द्यायचं. खरी तपासणी मधल्या गठ्ठ्याची. तिथं एक ओळ लिहिली तर मूल पलीकडं जातं. त्यातल्याही रोज सात-आठच वह्या. आठवडाभरात सगळ्यांची पाळी येते.

चूक दुरुस्त करून द्यायची नाही. ज्या ओळीत चूक असेल त्या ओळीसमोर समासात फक्त एक ठिपका द्यायचा. चूक कुठली ते मुलानं शोधायचं. नाहीतर काय होतं, आपण लाल पेनानं बरोबर शब्द लिहून देतो, आणि सराव आपल्यालाच होतो!

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या तासाची पहिली दहा मिनिटं. वह्या वाटायच्या आणि म्हणायचं, आज आधी कालच्या शेऱ्याचं काम. ही दहा मिनिटं नसतील तर शेरा लिहूच नका. ज्या शेऱ्यावर पुढं काहीच होत नाही तो शेरा वाचायचा नसतो, हे मुलं आपल्याआधी शिकतात.

बोलून सांगितलेलं लिहिण्यापेक्षा पुष्कळदा बरं, हेही सांगतो. पहिली-दुसरीच्या मुलाला तर तुमचं अक्षरच वाचता येत नाही! त्याच्या शेजारी बसून तीस सेकंद बोललेलं त्याला पोचतं. अडचण एकच, त्याला पुरावा नसतो.

आता प्रश्न घेऊ.

(प्रश्नोत्तरांतील निवडक भाग)

एका शिक्षिकेने विचारले की तपासणीच्या वेळी प्रत्येक पानावर सही मागतात, ती नसेल तर खुलासा द्यावा लागतो, मग काय करायचे?

ताई, सही करा. भांडण काढू नका. पण सही म्हणजे शेरा नव्हे, एवढं मनात वेगळं ठेवा. सही साहेबांसाठी, तिला दोन सेकंद. मुलासाठीची ओळ आठवड्याला एक. आणि जमलं तर मुख्याध्यापकांना एकच वही दाखवा: सोमवारचं लिखाण, तुमची ओळ, आणि मंगळवारी मुलानं त्याखाली केलेली दुरुस्ती. मुलाच्या हातची दुरुस्ती हा सहीपेक्षा मोठा पुरावा आहे. सगळे अधिकारी तो नाकारत नाहीत, माझा अनुभव आहे. आता समग्र प्रगतिपत्रक येतंय, त्यात मुलानं स्वतःबद्दल, सोबत्यानं त्याच्याबद्दल सांगायची जागा आहे. त्याचीही तयार वाक्यं फिरायला लागायच्या आधी आपण खरी भरून बघू.

थर्मल कॉलनीतून आलेले एक पालक म्हणाले, "सर, तुम्ही गुण नकोत म्हणता. शेजारी लातूर आहे. पुढं सगळा खेळ मार्कांचाच आहे. सवय लागायला नको का?"

तुमचा मुद्दा खरा आहे आणि लातूर पॅटर्नच्या सावलीत बसून मार्क बिनमहत्त्वाचे म्हणणारा माणूस इथं टिकायचा नाही. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेला २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा वजन आलं, नापास करायची तरतूद आली, तेही आपल्याला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच की मार्क शेवटी द्या, रोज देऊ नका. पहिलवानाचं वजन कुस्तीच्या दिवशी करतात. रोज तालमीत काट्यावर उभं करून ताकद वाढत नाही, त्याला खुराक लागतो, आणि डाव कुठं सुटतो ते सांगणारा वस्ताद लागतो. मार्क द्यायचेच असतील तर असं करा: आधी अभिप्राय लिहून वही परत द्या, दुरुस्ती करू द्या, आणि मार्क दुसऱ्या दिवशी सांगा. आणि घरी आल्यावर "किती पडले?" ऐवजी "सरांनी काय करायला सांगितलंय, दाखव" असं विचारून बघा. मी माझ्या घरी पहिल्यांदा विचारलं तेव्हा पोराला उत्तर द्यायला वही उघडावी लागली.

मागून एका आईने विचारले, "मला वाचता येत नाही. वहीत 'पालकांनी लक्ष द्यावे' लिहून येतं. मी कसं लक्ष द्यायचं?"

हा प्रश्न खरं तर शिक्षकांनी ऐकायला हवा. तुम्ही काय करू शकता? भाकरी थापताना पोराला शेजारी बसवा आणि आज लिहिलेलं मोठ्यानं वाचायला सांगा. अडखळलं की म्हणा, परत वाच. वाचता येणं न येणं तुमचं, पण अडखळणं कानाला कळतं. वाचून झालं की विचारा, म्हणजे काय झालं, मला सांग. त्याला सांगता आलं नाही तर दुसऱ्या दिवशी गुरुजींना निरोप द्या की एवढं कळलं नाही. आणि शिक्षकांना माझी विनंती आहे, 'पालकांनी लक्ष द्यावे' हे वाक्य लिहायचं बंद करा. काय हवं ते सांगा: 'रोज पाच ओळी वाचून घ्या.' मूल ते आईला वाचून दाखवू शकतं.

शेवटचा प्रश्न एका तरुण शिक्षकाचा होता: "माझ्या वर्गातली निम्मी मुलं दिवाळीच्या आसपास कारखान्यांवर जातात. त्यांना काय अभिप्राय द्यायचा आणि कधी?"

हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांकडे राहणारी मुलं सोडली तर हा आपल्या जिल्ह्याचा रोजचाच प्रश्न आहे. टोळी निघायची तारीख आपल्याला साधारण कळते, उचल घेतल्यापासून गावात चर्चा असते. निघायच्या आठवडाभर आधी त्या मुलांच्या वह्या सगळ्यात वर घ्या. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते तर द्याच, तिकडच्या शाळेला त्याचा आधार होतो. पण ते मोठ्यांसाठी आहे. मुलाच्या हातात वेगळं एक पान द्या. त्यावर तीन गोष्टी, मोठ्या अक्षरात: तुला हे येतं. तू आता हे शिकत होतास. तिकडं हे करून बघ. 'हे' म्हणजे खरंखुरं काम, तिथं होण्यासारखं. कोपीजवळ बसून कोण स्वाध्याय सोडवणार? पण गाडीत किती मोळ्या भरल्या ते मोजता येतं, काट्याची पावती वाचता येते, गेल्या खेपेपेक्षा किती जास्त भरलं ही वजाबाकीच आहे. 'रोज एक पावती उतरवून आण' असं लिहून द्या. बापाच्या फोनवर आठवड्याला एक आवाजी निरोप पाठवा, मुलाच्या नावानं, अर्ध्या मिनिटाचा. उत्तर येईल, न येईल.

आणि मार्चमध्ये मूल परत आलं की त्याची कोरी वही बघून लगेच मागं राहिलेला अभ्यास उतरवायला लावू नका. आधी ते पान मागा. बऱ्याचदा हरवलेलं असतं, चिंध्या झालेल्या असतात, एखादा पावत्यांचा गठ्ठा काढून ठेवतो. जे आणलं असेल त्यावर त्याच दिवशी, त्याच्या समोर बसून, एक ओळ लिहून द्या. तिथून पुढचा धडा सुरू करा.